मूल रात्री पलंगावर सुखरूप झोपावे म्हणून तुम्ही काय केलेत?

दोन वर्षांच्या आसपासचे मूल कठड्याच्या खाटेवरून पाय टाकू लागले, की त्याला रात्री कुठे झोपवावे हा प्रश्न घरोघरी उभा राहतो. गादी जमिनीवर घालावी, हे त्याचे सर्वांत सोपे उत्तर आहे; परंतु पावसाळ्यात फरशीला ओल सुटणाऱ्या आणि कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बागायत, पायरीपर्यंत आलेल्या गोव्यातील घरांना ते सरसकट लागू पडत नाही. म्हणून गोव्यातील पालकांनी आपले अनुभव, घर कसे आहे आणि मूल केवढे आहे हे सांगून, सविस्तर लिहावेत ही विनंती.

आरंभ मीच करते. आमचा पर्वरीला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. मुलाची उंची ८९ सेंटिमीटरच्या घरात गेली, की कठड्याची खाट सोडावी, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. कारण त्यानंतर मूल कठडा ओलांडून खाली पडण्याचा धोका वाढतो. आम्ही सुताराकडून जुन्या पलंगाचे पाय कापून घेतले आणि गादी जमिनीपासून जेमतेम वीतभर वर ठेवली. त्याहून अधिक उपयोग झाला तो उतरायला शिकवण्याचा. पोटावर वळायचे, पाय आधी खाली सोडायचे आणि फरशी लागली की हात सोडायचे, हे आम्ही दिवसा खेळ म्हणून करून घेतले. आता मुलगी अर्धवट झोपेतही “पाय आधी” असे पुटपुटत, तळवे टेकल्यावरच चादर सोडते.

सत्तरी, कुळागरातील घर, अडीच वर्षांचा मुलगा :
आमच्याकडे जमिनीवर झोपणे हा पर्यायच नाही. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणातच चावते आणि तिचा दंश पुष्कळदा इतका कमी दुखतो की झोपलेल्याला जागही येत नाही. मग लहान मूल काय सांगणार? त्यामुळे पलंग आणि चारी बाजूंनी गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी, हे आमच्या घरात ठरलेले आहे. मात्र मच्छरदाणीला कठडा समजू नये, हे मला आवर्जून सांगायचे आहे. मूल लोळत कडेला आले की जाळी बाहेर फुगते, खोचलेला काठ सुटतो आणि मूल जाळीसकट खाली लोंबते. यावर आईने सुचवलेला उपाय आम्ही केला : जुनी वाकळ घट्ट गुंडाळून, सुतळीने बांधून, पलंगाच्या मोकळ्या कडेला चादरीखाली ठेवली. झोपेत अंग त्या उंचवट्याला लागले, की मुलगा आपोआप आत वळतो. दुसरी कड भिंतीला इतकी भिडवली आहे की तिथे बोटही जात नाही. तान्ह्या बाळाशेजारी मात्र अशी वाकळ किंवा उशी ठेवू नये.

मडगाव, तीन वर्षांची मुलगी :
पलंगाला लावायचा तयार कठडा आम्ही आणला आणि परत केला. आमची कापसाची गादी कडेला दबते. गुडघ्याने दाबून पाहिले, तेव्हा गादी आणि कठडा यांच्यामध्ये माझी मूठ सहज शिरली. अशा फटीत मुलाचे अंग घसरून मान अडकू शकते, आणि तो धोका पडण्याहून कितीतरी मोठा आहे. असे कठडे साधारण २ ते ५ वर्षांच्या, स्वतः चढ-उतार करणाऱ्या मुलांसाठीच असतात. कडक गादी घेतल्यावर आम्ही वेगळा कठडा बसवला, आणि फट पडली नाही ना, हे अजूनही चादर बदलताना पाहतो.

काणकोण, आजी :
चवथीला नातवंडे आली, की आम्ही एका खोलीत ओळीने अंथरुणे घालतो. लहानांना मध्ये आणि मोठ्यांना कडेला झोपवतो. वीज गेली तर बॅटरीचा दिवा लावतो. झोपण्याच्या खोलीत मेणबत्ती ठेवत नाही.

वास्को, सव्वादोन वर्षांचा मुलगा :
पलंगावरून उतरता येऊ लागल्यावर मुलगा रात्री घरभर फिरू लागला. आम्ही न रागावता, न बोलता, त्याला हाताला धरून परत नेऊन झोपवायचो. काही आठवड्यांत उठणे पुष्कळ कमी झाले. बाहेरून कडी लावण्याचा सल्ला अनेकांनी दिला, पण आग लागली तर कोंडलेल्या मुलाचे काय, या विचाराने तो मानला नाही. त्याऐवजी दाराला बुटके फाटक लावले, कपाट भिंतीला स्क्रूने पक्के केले, पलंग खिडकीपासून दूर घेतला आणि पडद्याच्या दोऱ्या वर बांधल्या. डास पळवण्याचे यंत्रही मुलाच्या हाताला न येणाऱ्या प्लगला लावले.

फोंडा, परिचारिका आणि दोन मुलांची आई :
एवढे करूनही मूल कधीतरी पडतेच. लगेच रडले, जवळ घेतल्यावर शांत झाले आणि नेहमीसारखे खेळू लागले, तर बहुधा काळजीचे कारण नसते; तरीही पुढचा दिवसभर लक्ष ठेवावे. मूल बेशुद्ध झाले, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, झटका आला, नाका-कानातून रक्त किंवा पाणी आले, अथवा मूल उठवूनही नीट जागे होईना, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. मान दुखावल्याची शंका असल्यास मुलाला उचलून हलवू नये, आणि किती उंचावरून व कशावर पडले, हे डॉक्टरांना सांगण्यासाठी लक्षात ठेवावे.