परतलेल्या स्वयंसेवकाची वही

परदेशातील विकासकामावरून परतलेल्या स्वयंसेवकांशी नाते टिकवायला वर्षातून एक स्नेहमेळावा पुरेसा आहे, असे म्हटले जाते, पण ते मत मला पटत नाही. मेळाव्याला मुळात संपर्कात असलेलेच येतात. परतल्यापासून ज्याचे कोणाशी धड बोलणेच झालेले नाही, तो तिकडे फिरकतही नाही. परदेशात स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकेच्या पीस कोअर या सरकारी संस्थेने १९६१ सालीच आपल्या तीन उद्दिष्टांत इतर देशांतील लोकांविषयीची समज अमेरिकी नागरिकांत वाढवणे हे एक उद्दिष्ट ठेवले, आणि ते काम बव्हंशी परतल्यावरच होते.

खरा धागा कामाचाच असतो. हातपंपाला कोणत्या मापाचा वॉशर लागतो, गोदामाची किल्ली कोणाकडे असते, विहीर कोणत्या महिन्यात आटते, अशा नोंदींची वही परतलेल्या स्वयंसेवकाच्या बॅगेत तशीच पडून असते. त्याच गावी निघालेल्या नव्या स्वयंसेवकाने ती मागितली आणि दोघांचे तासभर बोलणे झाले, तर तिथे घालवलेली आपली दोन वर्षे अजून कोणाच्या तरी उपयोगी पडत आहेत, हे परतलेल्याला जाणवते. संस्थांनी पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक जरूर जपावेत, पण त्याआधी ही वही मागावी, आणि तीही परतल्यानंतरच्या पहिल्याच महिन्यात.