मदत हवी आहे: डायपोल-बद्ध अवस्था उंबरठ्याच्या खाली, मग शिखरं वर कशी?

नमस्कार मंडळी,

एमएस्सीचं दुसरं वर्ष, भौतिक रसायन. पुढच्या आठवड्यात सेमिनार आहे. विषय हौसेने घेतला आणि आता अडकलोय.

एवढं कळलंय: रेणूचा डायपोल मोमेंट (धन आणि ऋण भार दोन टोकांना किती विभागलेत त्याचं माप; एकक डिबाय) पुरेसा मोठा असेल तर त्याच्या धन टोकापाशी जादा इलेक्ट्रॉन लांबून, सैलसर अडकून राहतो; हीच डायपोल-बद्ध अवस्था. फर्मी-टेलर यांच्या १९४७ च्या गणिताप्रमाणे किमान १.६२५ डिबाय हवेत; प्रत्यक्षात साधारण २.५. मी फिनॉक्साइड ऋणायन (फिनॉलमधून प्रोटॉन काढल्यावर उरणारा ऋण आयन) घेतलाय. त्यातला इलेक्ट्रॉन गेला की उरणाऱ्या फिनॉक्सी मूलकाचा (विजोड इलेक्ट्रॉन असलेल्या तटस्थ रेणूचा) मोमेंट ४ डिबायच्या आसपास. ब्राउन विद्यापीठातल्या लाय-शेंग वांग यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं, की इलेक्ट्रॉन सुटण्याचा उंबरठा १८,१७३ सेमी⁻¹ (हे इथे ऊर्जेचं एकक) वर आहे आणि डायपोल-बद्ध अवस्था त्याच्या फक्त ९७ सेमी⁻¹ खाली.

घोडं अडलंय ते इथे. लेसरची तरंगलांबी बदलत इलेक्ट्रॉन मोजले तर टोकदार शिखरं उंबरठ्याच्या वर दिसतात! खाली एक बारीक शिखर आहे, पण तिथे फोटॉनची ऊर्जाच पुरत नाही. मग इलेक्ट्रॉन सुटतो कसा?

दुसरं, आयन ४-५ केल्विनपर्यंत थंड का करतात? खोलीच्या तापमानाला ऊर्जा सुमारे २०० सेमी⁻¹, म्हणजे ९७ च्या दुप्पट. इलेक्ट्रॉन गळून पडेल म्हणून का? सरांना विचारलं तर "पेपर नीट वाच." वाचला हो, तीनदा.

तिसरं, संगणकी गणिताच्या सरावाला ॲसिटोनायट्राइल (३.९ डिबाय) घेतलं. ऑग-सीसी-पीव्हीडीझेड बेसिस (कक्षा रचायच्या फलनांचा तयार संच) लावूनही ल्यूमोची (सर्वांत खालच्या रिकाम्या कक्षेची) ऊर्जा धनच येतेय, म्हणजे इलेक्ट्रॉन बांधलाच जात नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा (लेसरचा चालेल).

प्रतिसाद: रसायनवाला

९७ खाली आहे ती त्या अवस्थेची फक्त तळपायरी. तिच्यावर कंपनांची शिडी असतेच, आणि इलेक्ट्रॉन इतका दूर की गाभा जवळपास मूलकासारखाच कंपतो. समज, एक कंपन ५१९ सेमी⁻¹ चं. मग पहिली पायरी ५१९ − ९७ = ४२२ ने उंबरठ्याच्या वर आली. तिथे पोचलेला रेणू आपलं कंपन इलेक्ट्रॉनला देऊन टाकतो आणि इलेक्ट्रॉन ४२२ ची गतिज ऊर्जा घेऊन पळतो. हेच ऑटोडिटॅचमेंट. बहुतेक वेळा एकच क्वांटम खर्च होतो. खालचं बारीक शिखर दोन फोटॉनांचं: पहिला तळपायरीवर नेतो, त्याच लेसर-स्पंदातला दुसरा बाहेर काढतो. म्हणून ते मरतुकडं.

थंडीबद्दलचा तुझा अंदाज चुकला. आयन साठवायच्या सापळ्यातल्या आयनात इलेक्ट्रॉन नेहमीच्या मूळ अवस्थेत असतो, सव्वादोन इलेक्ट्रॉनव्होल्टने बांधलेला. तो कुठे गळतोय! थंड करायचं ते आधीपासूनची कंपनं आणि फिरणं कमी करायला; नाहीतर शिखरं फुगून एकमेकांत मिसळतात.

ल्यूमोसाठी मेथिलच्या कार्बनवर जादा पसरट एस आणि पी फलनं टाक. घातांक (तो जितका लहान तितकं फलन पसरट) दर वेळी चार-पाच पटींनी लहान करत ०.०००१ च्याही खाली ने.

धागाकर्ता

दादा, टाकली. ल्यूमो ऋण झाला, अगदी किंचित! पण प्रयोगातल्या बंधन-ऊर्जेपेक्षा फार कमी येतोय. हे चालेल?

रसायनवाला

हार्ट्री-फॉक (प्रत्येक इलेक्ट्रॉन बाकीच्यांच्या सरासरी क्षेत्रात धरणारी पद्धत) लावलंस ना? मग कमीच येणार. अशा सैल इलेक्ट्रॉनाला इलेक्ट्रॉन-सहसंबंधाचा (इलेक्ट्रॉन एकमेकांच्या हालचालींशी जुळवून घेतात त्याचा) मोठा आधार असतो. हा सहसंबंध धरणारी ईओएम-सीसीएसडी पद्धत लावून बघ. रात्री रन टाकून झोप.