मदत हवी आहे: धाकट्या भावाला गांजातनं बाहेर कसं काढायचं?

नमस्कार मंडळी, मी खानापूर तालुक्यातला, धाकटा भाऊ बेळगावात रूमवर राहून शिकतोय, १९ वर्षांचा आहे. वर्षभर गांजा ओढतोय हे आता कळलं. बोलायला गेलं की म्हणतो कॅनडात २०१८ पासून लीगल आहे, म्हणजे काही होत नाही. अरे पण लीगल केलं म्हणजे निर्धोक झालं असं कुठंय, तिथं पण वयाची अट आहेच की, आणि लीगल झाल्यावर गांजा घातलेल्या गोळ्या-चॉकलेटं खाऊन लहान पोरं दवाखान्यात यायचं प्रमाण वाढलं. कमी वयात रोज ओढणाऱ्यांना भास, संशय असले त्रास व्हायचा धोका जास्त असतो, आणि ह्याला आता रात्र रात्र झोप नाही, कुणीतरी मागं लागलंय म्हणतो. मला लई भीती वाटालीय.

आईला अजून सांगितलं नाही. टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करणार आहे, पण बेळगाव, निपाणी किंवा कोल्हापूरकडं मराठीत नीट बोलणारे मानसोपचार डॉक्टर कुणाला माहीत आहेत का? का सरळ बेंगळुरूला निम्हान्स ह्या मानसिक आजारांच्या दवाखान्यात न्यावं? आणि स्वतःहून उपचाराला नेलं तर पोलीस केस होते का, कुणी वकील असतील तर प्लीज सांगा.