जिन्यातला जुना रंग आणि घरातली लहान मुलं

ए-४०२: नमस्कार. सोमवारपासून जिन्यातला जुना रंग खरवडणार आहेत. जुन्या रंगात शिसं असू शकतं. त्याची धूळ घरात येते आणि लहान मुलं हात सारखे तोंडात घालतात. कामाआधी बोलायला हवं.

बी-१०१: म्हणूनच सकाळी तो मेसेज टाकला. रोज हळद, लसूण, ग्रीन टी घ्या, शिसं आपोआप निघून जातं.

ए-४०२: काका, त्यात थोडं खरं आहे, पण शेवटचं वाक्य चूक आहे. शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसतं, म्हणून ते मेंदूपर्यंत पोचतं. पेशींना वाचवणारं ग्लुटाथायोन ते निकामी करतं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन लागतो साधारण २० टक्के, शिवाय त्यात स्निग्ध पदार्थ भरपूर. त्यामुळे ऑक्सिडेशनचा, म्हणजे ऑक्सिजनमुळे पेशी खराब होण्याचा, मार त्याला फार बसतो. हळदीतलं कर्क्युमिन, कांद्यातलं क्वेर्सेटिन, व्हिटॅमिन सी आणि ई हा मार कमी करतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. पण कर्क्युमिन आपल्या आतड्यातून फारच कमी शोषलं जातं. आणि मार कमी झाला म्हणून धातू बाहेर पडला असं होत नाही. शिसं हाडांत जाऊन बसतं, वर्षानुवर्षं.

सी-३०३: माझी मुलगी दोन वर्षांची आहे. परवाच तिचं हिमोग्लोबिन कमी आलंय 😟

ए-४०२: ताई, मग तुम्ही आधी याकडे बघा. लोह कमी पडलं की आतडं ते जास्त ओढायला लागतं आणि त्याच वाटेनं शिसंही आत शिरतं. लोहाचं औषध डॉक्टरांना विचारूनच द्या. कॅल्शियम पुरेसं जाऊ द्या, पोट रिकामं ठेवू नका. रक्तातलं शिसंही तपासून घ्या. ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त आलं तर ते कुठून येतंय हे शोधा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याखालचंही सुरक्षित मानत नाहीत.

बी-१०१: तो मेसेज काढून टाकला. बाळाच्या बाबतीत असा भरवसा नको.

डी-२०४: कमिटीतर्फे ठेकेदाराला सांगतो. कोरडं घासायचं नाही, पाणी मारूनच खरवडायचं. प्लास्टिक अंथरायचं.

ए-४०२: आणि झाडू नको दादा, ओल्या फडक्यानं पुसायला सांगा. सी-३०३च्या दाराबाहेर तर रोज.