रियान नाव आपलं आहे की आयरिश? रविवारी बारसं आहे, पटकन सांगा

मुलुंडची_आत्या:
भावाला मुलगा झालाय, तूळ रास, चित्रा नक्षत्र, अक्षर 'री' आलंय आणि वहिनीने रियान फायनल करून टाकलंय. आता कानात कुर्र मी करणार, पाठीत धपाटे पण मीच खाणार आणि वर सगळ्या काकवा अर्थही मलाच विचारणार ना. नेटवर एकीकडे विष्णूचं नाव, दुसरीकडे छोटा राजा, तिसरीकडे स्वर्गाचं दार. आई म्हणते त्यापेक्षा ऋषिकेश काय वाईट आहे. शिवाय स्पेलिंगवरून भांडण, न्यूमरॉलॉजीवाल्याने वहिनीला दोन ए सांगितलेत.

शब्दांचा_हमाल:
ताई, विष्णुसहस्रनाम काढून बघा, त्यात रियान नाहीये. नाव आयर्लंडचं, आणि तिकडे ते मुळात आडनाव. ओ रियान म्हणजे रियानचा वंशज, टिपेरारी-लिमरिक भागात आपल्याकडच्या पाटलांसारखे ढिगाने आहेत. इंग्रजीत त्याचं रायन झालं आणि पाळण्यातलं नाव म्हणून ते पार विसाव्या शतकात चालायला लागलं, अमेरिकेत १९७० नंतर तर जोरातच. गंमत म्हणजे मूळ आयरिश उच्चार 'रीअन'च्या जवळचा, म्हणजे वहिनी रायनवाल्यांपेक्षा बरोबर आहे 😀
छोटा राजा हा अर्थ येतो कारण आयरिशमध्ये राजाला 'री' म्हणतात, आणि हा 'री' आपल्या संस्कृत राजन् चा लांबचा चुलतभाऊ आहे, लॅटिनमधला रेक्सही त्याच घरातला. इ.स.पू. ५२ मध्ये रोमच्या सीझरशी लढलेला गॉलचा (म्हणजे आजच्या फ्रान्सकडचा) सरदार वेर्किंगेटोरिक्स, त्याच्या नावाच्या शेपटीतला रिक्स पण तोच. आजच्या आयरिशमध्ये नुसत्या 'रियान'चा अर्थ माग, उमटलेली खूण असा होतो, मला तर तोच जास्त आवडतो.

मदनपुरा_एक्सप्रेस:
स्वर्गाचं दार म्हणजे आमचं रय्यान, ते अरबी, वेगळं नाव. अर्थ तहान भागलेला, आणि रोजे ठेवणारे ज्या दरवाज्यातून जन्नतमध्ये जातात त्याचं नाव. माझा पुतण्या रय्यान आहे. वेबसाइटवाल्यांनी सगळ्याची खिचडी केलीय.

दादरची_टीचर:
माझ्या सीनियर केजीत तीन रियान आहेत, तिघांची स्पेलिंगं तीन. हाक मारली की तिघंही उठतात, परवा एकाने दुसऱ्याचा डबा उघडून अख्खा गूळपोळीचा तुकडा संपवला आणि वर म्हणतो टीचर, माझंच नाव लिहिलंय. आत्याबाई, स्पेलिंग ठरल्याशिवाय वॉर्ड ऑफिसात नाव देऊ नका. नोंदणी बिननावाची करता येते, नाव नंतर १५ वर्षांपर्यंत टाकता येतं, पहिल्या १२ महिन्यांत तर फी पण नाही. नंतर एक ए कमी करायचा म्हटलं तर चपला झिजतील.

मुलुंडची_आत्या:
थँक्यू सगळ्यांना. आईला राजन् चं सांगितलं. ती म्हणाली, मग सरळ राजनच ठेवा की. वहिनी आतल्या खोलीत गेलीय.