१.१ किलोचा बिझनेस लॅपटॉप घ्यावा का? ऑडिटचं फिरतीचं काम आहे

डिचोलीकर
नमस्कार मंडळी. मी सीएच्या ऑफिसात आहे, काम सगळं फिरतीचं. सकाळी डिचोलीहून कदंबाची बस पकडून पणजी, तिथून कधी वेर्ण्याच्या कधी कुंडईच्या फॅक्टऱ्यांत, आणि क्लायंटकडे जागा मिळेल तिथे बसून टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), एक्सेल आणि जीएसटीचं पोर्टल. आत्ताचा १५ इंची लॅपटॉप चार्जरसकट अडीच किलोच्या वर जातो, संध्याकाळी खांदा भरून येतो. शिवाय विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ह्याचा प्रोसेसर विंडोज ११ ला चालत नाही, त्यामुळे बदलायचा तर आहेच. मनात लेनोवोचा थिंकपॅड एक्स१ कार्बन आहे. दुकानात उचलून बघितला, वही उचलावी तसा उचलला जातो आणि कीबोर्ड तर फारच आवडला, पण किंमत ऐकून पाय मागे येतो. मित्र म्हणतो मॅकबुक एअर घे, स्वस्त पडेल. एवढ्या हलकेपणासाठी काय काय सोडावं लागतं ते वापरणाऱ्यांनी सांगा, निदान ५ वर्षं तरी चालवायचाय.

पाटोवाला
एअर मशीन म्हणून उत्तम आहे, पण तुझ्यासाठी नाही. टॅली मॅकवर सरळ चालत नाही, त्यासाठी वेगळा खटाटोप करावा लागतो, आणि डिजिटल सिग्नेचरचं पेनड्राइव्हसारखं टोकन यूएसबी-ए चं, एअरला नुसते टाईप-सी. रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी अडॅप्टर घरी राहिला की काय होतं ते तुला सांगायला नको. एक्स१ कार्बनमध्ये एवढ्या पातळ बॉडीत यूएसबी-ए आणि पूर्ण साईजचं एचडीएमआय ठेवलंय, क्लायंटच्या प्रोजेक्टरला सरळ लागतं. लॅन पोर्ट (नेटची वायर लावायचा) मात्र नाही, फॅक्टरीत वायफाय देत नसतील तर टाईप-सी चा लॅन अडॅप्टर बॅगेत कायमचा टाकून ठेव.

आता खरा मुद्दा. ह्यात रॅम बोर्डावर सोल्डर केलेली (डाग देऊन पक्की बसवलेली) असते, नंतर वाढवता येत नाही म्हणजे येतच नाही. एसएसडी (फाइली साठवायची डिस्क) बदलता येते, बॅटरी मागचं झाकण उघडून बदलता येते, रॅम नाही. त्यामुळे पैसे कमी पडले तर एसएसडी ५१२ ची घे, स्क्रीन साधी घे, पण रॅम ३२ जीबीच घे. १६ मध्ये आज काम होईल, पण ५ वर्षांचं बोलतोयस ना. आणि हो, ऑफिसात एक्सेल ३२ बिटचं असेल तर ते ६४ बिटचं करून घे, ३२ बिटवालं ४ जीबीच्या पुढे रॅम घेतच नाही, मग मशीन कितीही भारी असो मोठी लेजर शीट अडकणारच.

म्हापशाचा_रिपेरवाला
मी हीच कामं करतो म्हणून सांगतो, गोव्यात पातळ लॅपटॉपचा शत्रू पावसाळा आणि खारी हवा. किनाऱ्याजवळच्या ऑफिसांतले लॅपटॉप उघडले की पंख्याजवळच्या स्क्रूंवर गंज, एचडीएमआयच्या पत्र्यावर पांढरी भुकटी आणि टाईप-सी च्या आतल्या पिना हिरवट पडलेल्या. जाड मशीनमध्ये चार्जिंगचा पोर्ट बऱ्याचदा वेगळ्या केबलवर असतो, तेवढाच बदलला की झालं. पातळमध्ये टाईप-सी बहुतेक मेन बोर्डावरच, तो गेला की खर्च बोर्डाचा. म्हणून दोन टाईप-सी असतील तर चार्जिंग आलटून पालटून कर, एकालाच रोज घासू नको. पावसातून आलास की बॅगेतून बाहेर काढून ठेव, बंद ओल्या बॅगेत रात्रभर नको. जून ते सप्टेंबर बॅगेत सिलिका जेलची पुडी हवीच. आणि गडगडाट सुरू झाला की चार्जर काढ.

वॉरंटी ३ वर्षांची आणि ऑनसाईटच घे, म्हणजे माणूस तुझ्याकडे येतो, लॅपटॉप कुरियरने पाठवून वाट बघत बसायला लागत नाही. बॅटरीची वॉरंटी मात्र वेगळी विचार, मशीनला ३ वर्षं असली तरी बॅटरीला बहुतेक वेळा एकच असते. दिवसभर प्लगवर असलास तर सेटिंगमध्ये चार्ज ८० टक्क्यांवर थांबव, बॅटरी जास्त टिकते.

फोंडेकर
माझं मत वेगळं आहे. थिंकपॅडचाच टी१४ बघ, त्यातला जेन ५ (पाचवी पिढी), २०२४ चा. रॅमचे दोन स्लॉट आहेत, रॅम सोल्डर केलेली नाही, लॅन पोर्ट आहे, वजन १.३ किलोपासून सुरू. म्हणजे फरक दोनशे ग्रॅमचा, आणि किंमत बऱ्यापैकी कमी. तुझा खांदा दुखतो तो आत्ताच्या जड मशीनने आणि विटेएवढ्या चार्जरने, ते दोन्ही तसेही जाणार, ६५ वॉटचा टाईप-सी चार्जर खिशात मावतो. आज १६ घे, पुढे हवी तेव्हा वाढव. एक्स१ चे जादाचे पैसे वजन आणि दिसण्याचे आहेत, ज्याला रोज विमानात चढायचंय त्याला ते परवडतात. पातळ बॉडीत गरम हवेला जागाही कमी, मोठं काम सतत चालवलं की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. घेशील त्यात इंटेलचा यू सिरीजचा प्रोसेसर बघ, तो १५ वॉटचा, एच सिरीजचा २८ वॉटचा. एक्सेल-टॅलीला यू पुरतो, बॅटरीही जास्त चालते.

डिचोलीकर
सगळ्यांचे आभार, खूपच कामाचं सांगितलंत. टी१४ डोक्यातच नव्हता. फोंडेकर, त्याचा कीबोर्ड एक्स१ सारखाच आहे का? मला दिवसभर आकडे मारायचे असतात, ते महत्त्वाचं आहे.

फोंडेकर
हाताला जवळपास तसाच लागतो. नंबरपॅड दोन्हीत नाही, ते १४ इंचीत नसतंच, त्यासाठी यूएसबीचं वेगळं छोटं नंबरपॅड घे. आणि स्क्रीनचा ब्राइटनेस विचारून घे, स्वस्तातला पॅनेल अंधुक असू शकतो, कमीत कमी ४०० निट्सचा (उजेडाचं माप) माग. कुंडईला खिडकीजवळ बसवलं तर अंधुक स्क्रीनवर सेलमधला आकडा वाचताना डोळे जातील.

पाटोवाला
टी१४ जेन ५ मिळत असेल तर माझंही मत तिकडेच. फक्त १६ जीबी एकाच स्टिकमध्ये माग, म्हणजे दुसरा स्लॉट मोकळा राहील.