खालची एक दाढ नाही: आधी तारा, की थेट ब्रिज?

खिंडार:
नमस्कार मंडळी. सहा वर्षांपूर्वी खालची डावी पहिली मोठी दाढ किडली म्हणून काढली. दुखणं थांबलं, तशी ती जागा मी रिकामीच सोडली. एका दाढेने काय बिघडतंय, असा हिशेब! आता वय ३६. मागची दाढ त्या जागेत पुढे कलंडलीये, समोरची वरची दाढ खाली उतरलीये आणि फटीत रोज घास अडकतो. एक डॉक्टर म्हणतात ब्रिज (शेजारच्या दोन दातांवर टेकवलेला खोटा दात) करून मोकळे व्हा. दुसऱ्या म्हणतात आधी तारा लावून दाढ उभी करा, मग इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात. या वयात तारा? कुणी यातून गेलंय का?

दोनदा_विचार:
गेलेय, चाळिशीत. माझी दाढ उभी व्हायला आठ महिने लागले. पहिला आठवडा वरणभातावर काढला, मग सवय झाली. जास्त त्रास तारांचा नाही, घासण्याचा. प्रत्येक जेवणानंतर छोटा ब्रश घेऊन आरशासमोर उभं राहायचं. ऑफिसात कुणी विचारलंसुद्धा नाही.

पांढरा_कोट:
दंतवैद्य आहे, पण तोंड न बघता लिहितोय हे धरून चाला.

दात भिंतीतल्या खिळ्यासारखा रोवलेला नसतो, शेजारच्या आणि समोरच्या दातांच्या आधाराने जागेवर राहतो. शेजारी घर सोडून गेला की कुंपण सरकवतात ना, तसंच. मागची दाढ पुढे झुकते, पुढची उपदाढ मागे सरकते आणि वरच्या दाढेला चावायला समोर कुणी नसल्याने ती खाली येते. शिवाय दात काढल्यावर तिथलं हाड अरुंद होत जातं, पहिल्या वर्षात सर्वांत जास्त.

आता ब्रिजची अडचण. ब्रिज दोन्ही बाजूंच्या दातांवर एकाच दिशेने बसावा लागतो. दाढ कलंडलेली असेल तर ती दिशा जुळवायला दात जास्त घासावा लागतो, कधी रूट कॅनालपर्यंत जावं लागतं. कलंडलेल्या बाजूला हिरडीत खोलगट कप्पा होतो, तिथे ब्रश पोचत नाही. आधी उभी केलेली दाढ त्यामुळे जास्त टिकते. इम्प्लांटचं तर आणखी कडक: तो हाडाला थेट चिकटतो, नंतर तारांनी हलत नाही. म्हणून सरकवायचं ते आधी सरकवून घ्यायचं.

वरच्या दाढेचं काय करायचं हेही विचारा. ती छोट्या स्क्रूच्या आधाराने वर ढकलता येते. फार खाली आली नसेल तर थोडी घासूनही भागतं. आणि हिरड्यांना सूज असेल तर आधी तिचा बंदोबस्त, त्याशिवाय तारा नकोत.

लेकीची_आई:
थोडं अवांतर. माझ्या तेरा वर्षांच्या लेकीचे वरचे पटाशीशेजारचे दोन्ही दात मुळातच नाहीत. तिलाही इम्प्लांटच का?

पांढरा_कोट:
आत्ता अजिबात नको. जबडा वाढत असताना बसवलेला इम्प्लांट जागच्या जागी राहतो, बाजूचे दात खाली उतरतात आणि तो आखूड दिसू लागतो. दोन वाटा आहेत: सुळे पुढे आणून, घडवून त्या दातांसारखे करणं, नाहीतर जागा मोकळी राखून वाढ पूर्ण होईपर्यंत तात्पुरता दात. सुळ्यांचा रंग, आकार आणि चावा बघून ठरतं.

पारदर्शक:
अलाइनरने, म्हणजे त्या पारदर्शक प्लास्टिकच्या साच्यांनी, नाही का होणार? दिसत नाहीत, काढता येतात.

पांढरा_कोट:
थोडं उभं करायला चालतात. पण अख्खी दाढ मुळासकट लांब सरकवायची तर तारा जास्त भरवशाच्या.

खिंडार, ओपीजी (सगळ्या दातांचा एकत्र) एक्स-रे काढला असेलच. त्या बाजूला अक्कलदाढ आहे का?

खिंडार:
आत्ताच फाईल उघडली. आहे, सरळ उभी दिसतेय. का?

पांढरा_कोट:
मग तिसरी वाटही विचारून बघा. मागच्या दोन्ही दाढा पुढे ओढून जागाच बंद करायची, ना ब्रिज ना इम्प्लांट. पण जागा साधारण १० मिमी, दात महिन्याला जेमतेम १ मिमी सरकतो, आणि अरुंद झालेल्या खालच्या हाडात त्याहून सावकाश. दोन वर्षं सहज धरा.

दोनदा_विचार:
माझी अक्कलदाढ आधीच काढून टाकली होती हो! जपून ठेवा तुमची.

खिंडार:
दोघांपैकी कुणीही तिचं नाव काढलं नव्हतं. शनिवारी दुसऱ्या डॉक्टरांकडे पुन्हा जातोय, फिल्म घेऊन. येऊन लिहितो.